बिशप रिचर्ड ॲलन व फिलाडेल्फियाच्या महामारीतील सेवक

रिचर्ड ॲलन ह्यांचा जन्म सन १७६० च्या फेब्रुवारी महिन्याच्या १४ व्या तारखेस एका गुलाम दांपत्याच्या पोटी झाला. आईबाप फिलाडेल्फिया येथील बेंजामिन च्यू नावाच्या श्रीमंत वकिलाच्या मालकीचे होते, म्हणून मूलही जन्मतःच त्याच्या मालकीचे झाले. त्या काळी अमेरिकेत असा कायदा होता की, गुलाम स्त्रीच्या पोटी जे जन्मेल ते तिच्या धन्याचे. जसे गाईचे वासरू गाईच्या धन्याचे. गुलामगिरी हा शब्द आपल्या वाचकांस नवा नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली त्या नावाचे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रो लोकांस दास्यातून सोडविले त्यांस ते अर्पण केले. परंतु सोडविणाऱ्यांची कीर्ती जितकी आपल्या कानी आली आहे, तितकी त्या गांजलेल्या लोकांनी स्वतः काय काय केले ही हकीगत आलेली नाही. ॲलन ह्यांच्या चरित्रात ती पुष्कळ सापडते.

रिचर्ड लहान असतानाच च्यू ह्यांनी ते सारे कुटुंब डेलावेअर प्रांतातील स्टोकली स्टर्जिस नावाच्या शेतकऱ्यास विकले. हा मनुष्य स्वभावाने कनवाळू होता. ॲलन ह्यांनी म्हातारपणी आपले आत्मवृत्त सांगितले, त्यातही त्याच्याविषयी कडू शब्द नाही. तथापि त्याच कनवाळू धन्यास कर्ज झाले तेव्हा त्याने रिचर्डची आई व तिची तीन मुले विकून टाकली. रिचर्ड व त्याचा एक भाऊ मागे राहिले. धनी चांगला असला तरी त्याच्या चांगुलपणाची हद्द सावकाराच्या दारापर्यंतच असते, हे त्या मुलाने तेव्हाच पाहिले.

त्या प्रांतात मेथडिस्ट उपदेशक रानात व झोपड्यांत फिरून शुभवर्तमान सांगत असत. सतराव्या वर्षी रिचर्डच्या मनात आपल्या पापाविषयी मोठी तळमळ उत्पन्न झाली आणि पुष्कळ दिवसांच्या कष्टी प्रार्थनेनंतर त्यास तारणाची खातरी झाली. शेजारचे गोरे शेतकरी स्टर्जिस ह्यास म्हणू लागले की, धर्म शिकलेला गुलाम आळशी व उर्मट होतो. हे बोलणे दोघा भावांच्या कानी आले. तेव्हा त्यांनी ठरविले की आपल्या विश्वासास बोल लागेल असे काही करावयाचे नाही. ते रात्रंदिवस राबू लागले, व शेतीचे काम मागे पडेल असे दिसल्यास सभेसही जात नसत. तेव्हा धनीच त्यांस सभेस जाण्याविषयी सांगू लागला. पुढे त्याने उपदेशकांस आपल्या घरी सभा भरविण्याची परवानगी दिली. एके दिवशी फ्रीबॉर्न गॅरेटसन नावाच्या उपदेशकाने दानीएलाच्या पुस्तकातील बेलशस्सर राजाच्या भिंतीवर उमटलेल्या लेखावर प्रवचन केले. परमेश्वराच्या तराजूत गुलाम बाळगणारा उणा भरतो, हे स्टर्जिस ह्याच्या अंतःकरणास झोंबले. त्याने दोघा भावांस सांगितले की, साठ पौंड सोनेनाणे किंवा दोन हजार कागदी डॉलर आणून द्या आणि आपापले स्वातंत्र्य विकत घ्या. पश्चात्ताप खरा, पण किमतीसह! तरी त्या दिवसांत एवढे म्हणणारेही थोडेच होते.

१७८० साली करार झाला आणि रिचर्ड मजुरीस बाहेर पडला. आरंभी तो जळाऊ लाकूड तोडी. पहिल्याच दिवसांत हातांस असे फोड आले की मूठ उघडेना व मिटेना. मग विटांच्या भट्टीवर काम केले. अमेरिकेची व इंग्लंडची लढाई चालली होती, तेव्हा समुद्रकाठाहून मिठाची गाडी हाकली, आणि वाटेतील मुक्कामांवर उपदेश केला. ठरल्या मुदतीच्या आधीच, १७८३ साली, त्याने सारा पैसा फेडला. येथून पुढे ह्या मनुष्याविषयी आदरार्थी बोलणे भाग आहे. कायद्यानेही आता ते कोणाचे जनावर नव्हते.

काही वर्षे ॲलन ह्यांनी डेलावेअर, मेरीलंड, न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया प्रांतांत पायी फिरून काळ्या व गोऱ्या अशा दोन्ही लोकांस उपदेश केला. दिवसा लाकूड फोडावे, संध्याकाळी सभा घ्यावी, असा क्रम असे. प्रसिद्ध बिशप फ्रान्सिस ॲझबरी ह्यांनी त्यांस दक्षिणेकडील दौऱ्यावर आपल्याबरोबर येण्यास सांगितले. अटी अशा होत्या की, तिकडे गुलामांत मिसळावयाचे नाही, पुष्कळदा गाडीतच निजावे लागेल, आणि अन्नवस्त्राखेरीज काही मिळणार नाही. ॲलन ह्यांनी नम्रपणे नकार दिला. आजारी पडल्यास मला कोण सांभाळील, असा त्यांचा साधा प्रश्न होता. मनुष्याने अंगात बळ आहे तोवर आजारपणाची तरतूद करून ठेवावी, असे त्यांचे मत होते. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस हा प्रश्न परका वाटणार नाही.

१७८६ च्या फेब्रुवारीत ते फिलाडेल्फिया येथील सेंट जॉर्ज नावाच्या मेथडिस्ट मंदिरात उपदेश करण्यास आले. त्यांस पहाटे पाचची वेळ दिली होती. ते मंदिरात, मोकळ्या मैदानांत, जेथे काळे लोक भेटतील तेथे, दिवसातून चार-पाच वेळाही बोलत. लवकरच बेचाळीस जणांची एक मंडळी जमली. तेथेच त्यांस ॲब्सलम जोन्स भेटले. हेही गुलामीतून आलेले. त्यांनी दुकानात राबून पहिल्याने आपल्या बायकोचे स्वातंत्र्य विकत घेतले, म्हणजे होणारी मुले तरी स्वतंत्र जन्मतील, आणि मग पुष्कळ वर्षांनी आपले.

१७८७ च्या एप्रिल महिन्याच्या १२ व्या तारखेस ह्या दोघांनी व आणखी काही जणांनी मिळून स्वतंत्र आफ्रिकी समाज ह्या नावाची संस्था स्थापिली. प्रत्येक सभासदाने दरमहा एक शिलिंग द्यावयाचा. वर्ष भरल्यावर ज्यास खरी अडचण येईल त्यास आठवड्यास तीन शिलिंग नऊ पेन्स मिळावयाचे. मात्र ती अडचण त्याच्या स्वतःच्या गैरवर्तनाने आलेली नसावी. मेलेल्या सभासदाच्या विधवेस मदत आणि पोरक्या मुलांच्या शिक्षणाची व धंद्याची सोय, हेही संस्थेने आपल्या अंगावर घेतले. हातावर पोट असलेल्या माणसांनी ही वर्गणी जमविली, हे ध्यानात ठेवावे. पुढे जे घडले त्याची पूर्वतयारी ह्या शिलिंगातच होती.

सेंट जॉर्ज मंदिरात काळे लोक वाढू लागले तसे ते गोऱ्या सभासदांच्या डोळ्यांत खुपू लागले. आधी त्यांस भिंतीलगत बसविण्यात आले. मग मंदिर वाढवून वर सज्जा बांधला, व त्या कामास काळ्या सभासदांनीही पैसे व मेहनत दिली. एका रविवारी ते उपासनेस आले, तेव्हा दारावरील मनुष्याने त्यांस सज्जात जाण्यास सांगितले. ते वर जाऊन बसले, पण ज्या जागेवर बसले ती त्यांस नेमून दिलेली नव्हती. इतक्यात प्रार्थना सुरू झाली व सर्वांनी गुडघे टेकले. ॲलन ह्यांनी आवाज ऐकून डोके वर केले, तो मंदिराचा एक विश्वस्त ॲब्सलम जोन्स ह्यांस धरून गुडघ्यांवरून ओढून उठवीत होता. जोन्स ह्यांनी विनविले की प्रार्थना संपेपर्यंत थांबावे. तो म्हणाला, नाही, आताच उठले पाहिजे. त्याने दुसऱ्या विश्वस्तास हाक मारिली; तो येऊन आणखी एकास ओढू लागला. एवढ्यात प्रार्थना संपली. ते सर्व एकजुटीने उठले आणि बाहेर पडले. ॲलन ह्यांनी ही गोष्ट १७८७ सालची म्हणून सांगितली आहे. मंदिराचे जमाखर्च तपासणारे अलीकडील अभ्यासक सज्जाच्या बांधकामावरून ती १७९२ च्या सुमाराची ठरवितात. साल कोणतेही असो, देवापुढे टेकलेले गुडघे रंगासाठी उचलले गेले. बाहेर पडलेल्यांनी स्वतःचे मंदिर बांधण्याचे ठरविले. पाया खणण्यासाठी पहिली कुदळ ॲलन ह्यांनी मारिली.

हे काम चालू असता १७९३ च्या ऑगस्ट महिन्यात शहरावर पीतज्वराची महामारी कोसळली. फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकेची राजधानी होती व तेथे सुमारे पन्नास हजारांची वस्ती होती. ह्या तापात अंग व डोळे पिवळे होत, काळी ओकारी होई, आणि कित्येक रोगी थोड्याच दिवसांत मरत. हा रोग एका जातीच्या डासामुळे पसरतो हे १९०० सालच्या सुमारास सिद्ध झाले. तेव्हा ते कोणास ठाऊक नव्हते. सुमारे वीस हजार लोक शहर सोडून पळाले. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन हेही आपल्या गावी गेले. नवऱ्याने बायकोस व मुलाने बापास टाकिले. नोव्हेंबरात थंडी पडून साथ थांबली तोवर सुमारे पाच हजार, म्हणजे दहांत एक, मेले होते.

सप्टेंबरच्या आरंभी डॉक्टर बेंजामिन रश ह्यांनी ॲलन व जोन्स ह्यांस कळविले की, हा ताप काळ्या लोकांस होत नाही असे वैद्यकाच्या ग्रंथांवरून दिसते, तरी त्यांनी शुश्रूषेस पुढे यावे. रश हे त्यांचे मित्र होते. मंदिराच्या कामीही त्यांनी साहाय्य केले होते. समाजाची सभा भरली. ज्या शहरात आपणांस गुडघ्यांवरून उठविले त्या शहरासाठी मरणाच्या दारी का जावे, असे कोणी म्हटले असते तर ते अगदी स्वाभाविक होते. पण त्यांनी जाण्याचे ठरविले. ॲलन व जोन्स निघाले आणि एका गल्लीतील पहिल्याच घरात शिरले. तेथे नवरा शेवटच्या घटका मोजीत होता, बायको मरून पडली होती, आणि जवळ दोन असहाय लेकरांखेरीज कोणी नव्हते. त्या एका दिवसात त्यांनी वीसांहून अधिक घरे पाहिली. मग ते नगराध्यक्ष मॅथ्यू क्लार्कसन ह्यांजकडे गेले, व त्यांनी वर्तमानपत्रांत जाहीर केले की ज्यांस मदत पाहिजे त्यांनी ह्या दोघांकडे मागणी करावी.

रश ह्यांच्या सांगण्यावरून ते शीर तोडून रक्त काढण्यासही शिकले, व आठशेंहून अधिक रोग्यांवर तो इलाज केला. त्या काळचा तो मान्य इलाज होता. आज कोणी वैद्य तो करणार नाही. त्यांचा खरा उपयोग पाणी पाजणे, अंग पुसणे, घाण काढणे, आणि ज्यांस शिवण्यास कोणी धजत नसे ती प्रेते उचलणे ह्यांत झाला. कित्येक घरी आईबाप मेलेले व तान्ही मुले त्यांस निजलेली समजून हाका मारीत आहेत असे दिसे. हे पाहून हे काम सोडून द्यावे असे कधी कधी त्यांच्या मनात येई.

काळ्या लोकांस ताप होत नाही ही समजूत खोटी होती, हे लवकरच उघड झाले. त्यांचीही माणसे पडू लागली. स्वतः ॲलन आजारी पडले, पण वाचले. शहरात पुरलेल्या काळ्या लोकांची संख्या १७९२ साली ६७ होती, ती १७९३ साली ३०५ झाली. ह्या साऱ्या हकीगतीत मला सर्वांत मोठी वाटते ती गोष्ट ही की, खोटेपणा कळल्यावरही त्यांनी काम थांबविले नाही. आपणांस धोका नाही असे समजून पुढे होणे एक. धोका डोळ्यांसमोर उभा राहिल्यावर तेथेच टिकणे दुसरे.

साथ ओसरते न ओसरते तोच मॅथ्यू केरी नावाच्या छापखानेवाल्याने साथीची हकीगत पुस्तकरूपाने छापिली. ते पुस्तक झपाट्याने खपले व त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. त्यात त्याने लिहिले की, काळ्या लोकांतील नीच माणसांनी एकेका रात्रीच्या शुश्रूषेस भरमसाट पैसे उकळले व मेलेल्यांची घरे लुटली. ॲलन व जोन्स ह्या दोघांची मात्र त्याने नावे घेऊन स्तुती केली.

ही स्तुती गोड मानून घेणे सोपे होते. गांजलेल्या जातीतून वर आलेल्या मनुष्यास जग असेच सांगत असते की, तू त्यांच्यासारखा नाहीस. ॲलन व जोन्स ह्यांनी ती स्तुती परत केली. दोघांचीच नावे घेतल्याने बाकीचे सर्व त्या नीच म्हटलेल्यांत मोडले जातात, हे त्यांनी ओळखिले. १७९४ च्या जानेवारीत दोघांनी मिळून एक लहान पुस्तक छापिले, त्याचे नाव महामारीतील काळ्या लोकांच्या कृत्यांचे वृत्त अशा अर्थाचे आहे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे मालकी हक्क नोंदविलेले काळ्या लेखकांचे ते पहिले पुस्तक होय.

त्यांनी रागाने उत्तर दिले नाही, हिशोब दिला. प्रेते उचलणे, घरांतील दूषित बिछाने नेऊन पुरणे वगैरे कामांबद्दल त्यांस एकंदर २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स मिळाले होते. शवपेट्यांस ३३ पौंड, व भाड्याने लाविलेल्या पाच मजुरांस ३७८ पौंड, मिळून ४११ पौंड खर्च झाला. म्हणजे १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स पदरचे गेले. आणि शेकडो गरिबांस फुकट पुरले ते वेगळेच. शुश्रूषेचे दर का वाढले ह्याचेही कारण त्यांनी सांगितले: पैसेवाले लोक एकाच सेविकेसाठी चढाओढीने बोली बोलत. काही काळ्या लोकांनी चोऱ्या केल्या हे त्यांनी लपविले नाही. तशा गोऱ्यांनीही केल्या, व एका गोऱ्या बाईने एक प्रेत पेटीत ठेवण्यासाठी सहा पौंड घेतले, हेही लिहिले. ऐन साथीत शहर सोडून गेलेल्या केरीने आपल्या पुस्तकावर जितके मिळविले तितके डझनभर लोभी सेविकांनीही मिळविले नसेल, असा एक टोलाही हाणिला आहे. तो वाचून हसू येते.

पण त्या पुस्तकाचा प्राण नावांत आहे. सँपसन नावाचा एक गरीब काळा मनुष्य घरोघर जाऊन फुकट सेवा करी. तो तापाने मेला, आणि ज्यांची त्याने सेवा केली त्यांनी त्याच्या बायकोमुलांकडे पाहिलेही नाही. सेरा बास ही गरीब विधवा कित्येक कुटुंबांत राबली व तिने काही घेतले नाही. सीझर क्रँचल म्हणाला की मी आपला जीव पैशासाठी विकणार नाही. मेरी स्कॉट हिने रिचर्ड मेसन नावाच्या गृहस्थाची व त्याच्या मुलाची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. मेसनच्या विधवेस वाटले की ही पुष्कळ मागेल. तिने दिवसास अर्धा डॉलर मागितला, व हे फार कमी आहे असे सांगितले तरी अधिक घेईना. तेव्हा त्या विधवेने तिला जन्मभर वर्षास सहा पौंड बांधून दिले. कित्येकांची तर नावेही उरली नाहीत. एक मरणोन्मुख मनुष्य खिडकीशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांस पाणी मागत होता. लोक कानांवर हात ठेवून पळत. एक परदेशी गृहस्थ हातात आठ डॉलर धरून रस्त्यात उभा राहिला की, कोणी ह्यास पाणी द्याल तर हे घ्या. शेवटी एक गरीब काळा मनुष्य आला. मी पाणी देतो, परंतु पाण्याचे पैसे घेणार नाही, असे म्हणून तो आत गेला, व पाणी देऊन त्याने लागेल ती चाकरीही केली. ज्या गावांत पाणी कोणी कोणाच्या हातचे प्यावे ह्यावरून माणसांची किंमत ठरत आली, तेथील वाचकांस ह्या घोटाची गोडी अधिक सांगावयास नको.

नगराध्यक्ष क्लार्कसन ह्यांनी त्याच महिन्यात ह्या लोकांच्या चोख वागणुकीविषयी लेखी दाखला दिला. पुस्तकाच्या शेवटी गुलाम बाळगणाऱ्यांसही दोन शब्द आहेत: आमची काही मुले घेऊन ती तुमच्या मुलांसारखी शिकवून पाहा, मग त्यांची बुद्धी कमी आहे काय ते ठरवा.

१७९४ च्या उन्हाळ्यात दोन मंदिरे उघडली. ॲब्सलम जोन्स ह्यांची मंडळी एपिस्कोपल पंथात गेली व पुढे जोन्स तिचे पाळक झाले. ॲलन ह्यांस मेथडिस्टांचा साधा उपदेशच आपल्या अशिक्षित लोकांस योग्य वाटे. त्यांनी लोहाराचे एक जुने दुकान विकत घेऊन ते घोड्यांकरवी ओढवून आपल्या जागेवर आणिले, सुतारांकडून नीट करविले, आणि जुलै महिन्यात बिशप ॲझबरी ह्यांनी त्याचे समर्पण केले. त्यास बेथेल हे नाव पडले. ह्यानंतर वीस वर्षे गोऱ्या वडिलांशी भांडण चालले, कारण १७९६ च्या कागदपत्रांत त्यांनी ती इमारत आपल्या कॉन्फरन्सच्या ताब्यात जाईल अशी कलमे घातली होती. १८१५ साली ती लिलावासही निघाली, आणि आपलेच मंदिर सोडविण्यासाठी ॲलन ह्यांस दहा हजार डॉलरांहून अधिक बोली करावी लागली! शेवटी १८१६ च्या आरंभी पेनसिल्व्हेनियाच्या वरिष्ठ न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला. त्याच एप्रिलात निरनिराळ्या गावांतील काळ्या मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले व आफ्रिकी मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळी स्थापन झाली. बाल्टिमोरचे डॅनियल कोकर प्रथम निवडले गेले, पण त्यांनी पद सोडिले, आणि ॲलन पहिले बिशप झाले. त्यांच्यावर हात ठेवणाऱ्यांत ॲब्सलम जोन्स हेही होते.

बिशप झाल्यावरही ते स्वतःच्या धंद्यावर पोट भरीत. धुराडी साफ करण्याचे काम व जोडे शिवण्याचे काम त्यांनी केले होते. त्यांची पत्नी सेरा हिचाही जन्म गुलामीतच झाला होता. कॉन्फरन्सला येणाऱ्या उपदेशकांचे कपडे इतके फाटलेले असत की तिने बायका जमवून ते शिवून देण्याचा परिपाठ घातला. जरीना ली नावाच्या बाईने उपदेश करण्याची परवानगी मागितली तेव्हा ॲलन ह्यांनी प्रथम ती नाकारिली. पुढे काही वर्षांनी बेथेलमध्येच ती उठून बोलू लागली. ते ऐकून त्यांनी सर्वांदेखत तिचे पाचारण मान्य केले.

१८१६ च्या अखेरीस काही बड्या गोऱ्या लोकांनी स्वतंत्र काळ्यांस आफ्रिकेत पाठविण्याची संस्था काढिली. ॲलन व इतर पुढाऱ्यांस आरंभी त्यात काही बरे दिसले होते. १८१७ च्या जानेवारीत बेथेलमध्ये सुमारे तीन हजार लोक जमले. अनुकूल असणारांनी मत द्यावे असे म्हटले तेव्हा एकही आवाज उठला नाही. प्रतिकूल म्हटले तेव्हा मंदिर दणाणले. ह्या देशाच्या मातीत आमचा घाम व रक्त मुरले आहे, आणि आमचे भाऊबंद अद्याप गुलामीत आहेत, तर आम्ही जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढाऱ्यांनी आपल्या लोकांपुढे मान लवविली.

१८३० च्या सप्टेंबरात निरनिराळ्या प्रांतांतील काळ्या प्रतिनिधींची पहिली राष्ट्रीय सभा त्याच बेथेलमध्ये भरली व सत्तर वर्षांचे ॲलन तिचे अध्यक्ष झाले. पुढील वर्षी मार्च महिन्याच्या २६ व्या तारखेस ते प्रभूत निजले. अमेरिकेतील गुलामगिरी त्यानंतर चौतीस वर्षांनी, १८६५ साली बंद झाली. लोहाराच्या दुकानाच्या जागी आज चौथी इमारत उभी आहे. तिच्या तळघरात रिचर्ड व सेरा ह्यांच्या कबरी आहेत.